किती जणांनी वाचलं?



मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इमारतीत एक भलताच प्रकार घडला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ताकभात जेवत होत्या. तेवढ्यात नागपूरहून त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन. ‘‘आई, तू बरी आहेस ना? खरं खरं सांग!’’ आजी म्हणाल्या, ‘‘बरी आहे की. का रे?’’ तर पलीकडे एकदम शांतता. पाच मिनिटांनी नाशिकच्या आत्याचा फोन. ती तर रडतच होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत टेकत दोन जिने चढून भेटायला आले. दार उघडलं ते आजींनीच! आजोबा दचकून मागे सरकले. ‘‘अहो, तुम्ही?’’ एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

हा सगळा पराक्रम आजींच्या नातीचा. यंदा नववीत गेलीय. ‘‘काकू, लिहा तुम्ही, पण माझं नाव नको,’’ असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तेव्हा आपण तिला नुसतं ‘नात’च म्हणू या.

नात लिहिते छान. शाळेच्या हस्तलिखितात दर वर्षी तिचं काहीतरी असतंच. सुट्टी लागल्यावर बाबांनी त्यांचा जुना फोन तिला दिला, आणि ती आपलं लिखाण त्यावर टाकायला लागली. पहिलाच लेख होता आजींच्या चिठ्ठ्यांवर.

या चिठ्ठ्यांची गंमत तुम्हांला सांगायलाच हवी. आजी दर वर्षी कैरीचं लोणचं घालतात. चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला पांढरा दादरा बांधलेला. आणि प्रत्येक बरणीवर एक चिठ्ठी, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची, कणकेच्या खळीनं चिकटवलेली. त्यावर नुसती तारीख नसते. ‘कैऱ्या वीस. शेजारणीनं गावाहून आणल्या. फोडल्या चिरंजीवांनी, एक बोट कापलं.’ असं! दुसरी एक आहे: ‘घाईत घातलं. पाऊस लवकर आला. आधी ही बरणी संपवावी.’ बरणी रिकामी झाली की चिठ्ठी पाण्यानं भिजवून, अलगद सोडवून, वाळवून डब्यात ठेवायची. डब्यात अशा पुष्कळ जमल्यात. नातीनं त्यातल्या चार-पाच जशाच्या तशा उतरवून घेतल्या, आणि आजी चिठ्ठी लिहिताना पेन्सिलीचं टोक जिभेला कसं लावतात, ते लिहिलं. मी वाचला तो लेख. दोनदा वाचला. आमच्या आईची आठवण झाली आणि नंतर बराच वेळ मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले.

त्या लेखाला लाईक मिळाले चौदा. त्यांतले पाच घरातलेच. (मी लाईक केलं नव्हतं. विसरूनच गेले! हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.)

नात हिरमुसली. मग तिनं काय केलं? दुसरा लेख लिहिला. नाव दिलं, ‘आजीच्या हातचं शेवटचं लोणचं’. बाईसाहेबांनी ‘आजी गेली’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं हं! लबाडी अशी की रिकाम्या आरामखुर्चीचा फोटो टाकला, आणि खाली लिहिलं की ही खुर्ची आता बोलत नाही, बरणीतलं लोणचं मात्र अजून बोलतं. खुर्ची रिकामी होती हे खरंच होतं. आजी तेव्हा भिशीला गेल्या होत्या!

लाईक तीनशे बारा. हात जोडलेल्या चित्रांचा तर पाऊस. बाबांनी न वाचताच ‘आमची लेक’ म्हणून तो लेख ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवून दिला. आणि तो फिरत फिरत नागपूरला पोचला.

आजी आधी खूप हसल्या. ‘‘मला पोचवलंस होय गं?’’ म्हणाल्या. पण दुपारी नात जवळ जाऊन बसली तेव्हा त्या हसत नव्हत्या. हळूच म्हणाल्या, ‘‘तू माझ्यावर लिहिलंस ते मला आवडलं असतं बघ. पण मी मेल्याशिवाय वाचण्याजोगी होतच नाही का गं?’’

नात तशीच उठून माझ्याकडे आली. डोळे लाल. पण तिनं जे विचारलं ते रडकं नव्हतं, चांगलं रोखठोक होतं. ‘‘काकू, खरं लिहिलं तर चौदा, खोटं लिहिलं तर तीनशे बारा. मग मी काय करायचं?’’

‘खोटं कधी बोलू नये’ एवढं म्हणून मला तिला वाटेला लावता आलं असतं. पण तिला ते माहीत नव्हतं थोडंच? आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? मीसुद्धा मोजतेच की! आंब्यांवर लिहिलं की तुमच्या पत्रांचा ढीग येतो. एकदा मी माझ्या वर्गातल्या एका मुलीवर लिहिलं होतं. वर्षभर आम्ही तिच्याशी कुणी बोललो नव्हतो, त्यावर. मला स्वतःला तो लेख फार जवळचा. पत्रं आली दोन. पुढच्याच आठवड्यात मी गुपचूप पुन्हा खाण्यापिण्याकडे वळले, हेही खरं.

तेव्हा आधी तो आकडाच नीट बघू या, असं मी तिला म्हटलं. हे लाईकचं बटण काही जगाच्या सुरुवातीपासून नाही. फेसबुकनं ते २००९ साली आणलं, म्हणजे ते नातीच्या बाबांच्या लग्नाच्या आसपासचंच! पुढे इतरही ठिकाणी अशी बटणं नि बदाम आले. पण त्या आकड्यात नेमकं काय मोजलं जातं? लेख वाचला, हे नाही. अंगठा हलला, हे. न वाचता अंगठा दाबणारे बाबा त्यात येतात, आणि दोनदा वाचून स्वयंपाकघरात उभी राहिलेली मी त्यात येतच नाही! बरं, ज्याच्यावर चटकन पुष्कळ अंगठे पडतात ते आणखी लोकांना दाखवायचं, अशीच त्या यंत्रांची साधारण रीत. मग पुढं काय जातं? चटकन रडवणारं, चटकन चिडवणारं. पेन्सिलीचं टोक जिभेला लावणाऱ्या आजी मागेच राहतात. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामनं आकडे झाकून ठेवायची सोय दिली. ज्यांना हवं त्यांनी झाकावेत. पण मनातला आकडा कसा झाकणार?

नात म्हणाली, ‘‘म्हणजे कुणी वाचावं असं वाटूच द्यायचं नाही का?’’

तेव्हा मी कपाटातून एक पुस्तक काढलं. ॲन फ्रँकची डायरी. तुमच्यातल्या पुष्कळांना ते माहीत असेल. ॲन ही ज्यू मुलगी. जन्म जर्मनीतला, फ्रँकफुर्टचा, पण हिटलरच्या जाचामुळे तिचं कुटुंब हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला येऊन राहिलं. तिथंही जर्मन सैन्य आलंच. १२ जून १९४२ ला ॲनला तेरा वर्षं पूर्ण झाली, आणि त्या वाढदिवसाला तिला चौकटी-चौकटींच्या कापडाची एक वही मिळाली. महिन्याभरात, ६ जुलैला, सगळं कुटुंब वडिलांच्या कचेरीमागच्या जागेत लपायला गेलं. जिन्याच्या वाटेवर पुढे एक पुस्तकांचं कपाट बसवलं, ते सरकवलं की आत रस्ता! तिथं एकूण आठ माणसं राहिली, त्यांतली बहुतेक दोन वर्षांहून जास्त दिवस. दिवसा खाली माणसं कामाला असत, तेव्हा वर चालायचं ते पाय न वाजवता, आणि नळसुद्धा सोडायचा नाही.

मुलांनो, आता बघा. या मुलीला वाचक किती? शून्य! बाहेर एक ओळ जाऊ देणं म्हणजे आठांचा जीव धोक्यात. डायरीच्या सुरुवातीच्या पानांत ती स्वतःच म्हणते, की तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीचं मनोगत पुढे कुणाला वाचावंसं वाटणार आहे? तरी ती लिहीत होती. आणि लिहायची ती पत्रांसारखं. एका मुलींच्या कादंबऱ्यांच्या मालिकेतल्या मैत्रिणी तिला फार आवडत, त्यांतल्या त्यांत किटी. पहिल्या वर्षी कधी किटीला, कधी कॉनीला, कधी आणखी कुणाला, अशी ती वहीत पत्रं लिही. खऱ्या मैत्रिणी भेटत नव्हत्या ना!

काय काय लिहिलंय तिनं! बटाटे सोलताना कोण कसं बसतं. खोलीतलं एकच टेबल, त्याच्यासाठी दंतवैद्यांशी झालेलं भांडण. आणि घेवड्याच्या पोत्याची गोष्ट तर नातीनं मला दोनदा वाचून दाखवायला लावली. पीटर नावाचा मुलगा वाळलेल्या घेवड्याची पोती माळ्यावर चढवत होता. शेवटच्या पोत्याची शिवण उसवली आणि जिन्यावरून दाण्यांची धो धो गार कोसळली. खाली ॲन उभी! घोट्यापर्यंत घेवडा. तो आवाज ऐकून सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालं. नशिबानं खाली कुणी नव्हतं.

आता खरी गंमत पुढेच आहे. २८ मार्च १९४४ च्या संध्याकाळी ही मंडळी चोरून रेडिओ ऐकत होती. हॉलंडचं सरकार तेव्हा लंडनमध्ये आसऱ्याला होतं. त्यातले शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन रेडिओवर म्हणाले, की युद्ध संपल्यावर या दिवसांतल्या लोकांच्या डायऱ्या, पत्रं, असं सगळं गोळा करायला हवं. झालं! घरातले सगळे एकदम ॲनच्या डायरीविषयी बोलायला लागले. ॲनच्या डोक्यात भराभरा विचार सुरू झाले. आपल्या या लपायच्या जागेवर पुस्तक काढलं तर? नाव वाचून लोकांना वाटेल डिटेक्टिव्ह गोष्टच आहे!

म्हणजे वाचक हवेत असं तिलाही वाटत होतं बरं का. मोठेपणी पत्रकार नि लेखिका व्हायचं, असं तिनं स्वच्छ लिहून ठेवलंय. त्यात वाईट काय? मीसुद्धा नातीला तेच म्हटलं.

मे महिन्यात ॲननं आपली डायरी सुट्या कागदांवर पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. अडीच महिन्यांत दोनशेच्या वर कागद. आता मला सांगा, सगळा देश वाचणार असं डोक्यात आल्यावर तुम्हीआम्ही काय केलं असतं? ‘देशबंधूंनो’ अशी सुरुवात करून मोठमोठे शब्द घातले असते की नाही? मी तरी घातले असते. ॲननं उलटंच केलं. वाचक वाढवायचे सोडून तिनं कमी केले. कॉनी आणि बाकीच्या मैत्रिणी गेल्या. सगळी पत्रं एकटीलाच: किटीला. किटीला आठ जणांचं घर माहीत नाही, म्हणून ते नीट समजावून सांगितलं. किटीला कंटाळा येईल, ते काढून टाकलं. पीटरविषयी मनात जी ओढ होती, तिच्यातलंही बरंच काही गाळलं. खरं लिहायचं म्हणजे सगळंच चव्हाट्यावर मांडायचं असं थोडंच आहे? काय सांगायचं नाही, हेही तिनंच ठरवलं.

ते काम पुरं झालं नाही. ४ ऑगस्ट १९४४ ला पोलीस आले. आठही जणांना पकडून नेलं. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ॲन बर्गन-बेल्सनच्या छावणीत आजारी पडून गेली. पंधरा वर्षांची होती. आठांतले एकटे तिचे वडील परत आले. वह्या आणि कागद कचेरीतल्या मीप खीस या बाईंनी गोळा करून, न वाचता, खणात जपून ठेवले होते. जिचं आहे तिला परत द्यायचं, म्हणून. ते त्यांनी वडिलांच्या हातात दिले. २५ जून १९४७ ला पुस्तक निघालं, तिनं ठरवलेल्याच नावानं.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तिला कळलंच नाही ना, की किती जणांनी वाचलं?’’

नाही कळलं. आणि इथं मला एक गोष्ट बजावून सांगायची आहे. ‘खरं लिहा, आज नाही तर उद्या जग वाचेल,’ असं कुणी तुम्हांला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ॲनचे कागद वाचले ते एका बाईंच्या शहाणपणामुळं. तसेच दुसऱ्या कुणाचे किती कागद त्या काळात जळून, भिजून, पायाखाली जाऊन संपले असतील, कोण सांगणार? खऱ्या लिखाणाला बक्षीस ठरलेलं नसतं. तुमचा लेख चौदाच जण वाचतील, आणि दहा वर्षांनीही तेवढेच राहतील, असंही होईल.

हे बोलणं चाललं असताना आजी येऊन दारात केव्हा उभ्या राहिल्या, आम्हांला कळलंच नाही. त्या मूळच्या खानदेशातल्या. म्हणाल्या, ‘‘आमच्या बहिणाबाईंच्या जात्याला कुठं होतं गं तुमचं बटण?’’

बरोबर बोलल्या आजी. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत नवरा गेला, पदरात तीन मुलं, शेतातलं काम. दळताना, शेतात राबताना त्यांना ओव्या सुचत, त्या म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायचं. ऐकायला कोण? जातं, शेजारपाजारच्या बाया, नाहीतर मुलगा सोपानदेव. त्यानं आणि एका नातेवाइकानं त्यातल्या काही उतरवून ठेवल्या, म्हणून त्या उरल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या. अत्रे थक्कच झाले. १९५२ ला अत्र्यांची प्रस्तावना घेऊन पुस्तक निघालं, आणि आता तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकातून त्या तुम्हांला भेटल्याच असतील. पण तिथं वाचताना एवढंच बघा, की त्यांच्या कवितेत काय आहे. सुगरणीचा खोपा, विहिरीची मोट, चुलीवरचा तवा. जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच. लोकांना काय आवडेल, हे विचारायला त्या कुणाकडे गेल्या नव्हत्या.

‘‘पण आजी, तुझ्या चिठ्ठ्या तू कुणासाठी लिहितेस?’’ नातीनं विचारलं.

आजी म्हणाल्या, ‘‘बरणी उघडेल त्याच्यासाठी. आणखी कुणासाठी?’’

(आई-बाबांनो, हा कंस तुमच्यासाठी. मुलांनी वाचला तरी हरकत नाही. पोरानं काही लिहून दाखवलं की आपण पहिल्यांदा काय विचारतो? ‘किती मार्क?’ आणि आता ‘किती लाईक?’ नातीच्या बाबांनी तो लेख सगळ्यांना पाठवण्याआधी दोन मिनिटं काढून वाचला असता, तर नागपूरच्या काकांची झोप वाचली असती. त्यांनी हे मोकळेपणी मान्य केलंय. आता ते वाचतात. आवडलेल्या वाक्याखाली रेघ मारून, कुठलं आवडलं ते सांगतात. सुरुवातीला जड गेलं म्हणे.)

नातीनं त्या रात्री शेवटच्या लोणच्याचा लेख काढून टाकला, आणि आजी छान आहेत, चूक माझी, असं चार ओळींत लिहिलं. त्याला लाईक नऊ. एकजण तर भांडायलाच आला, की आम्ही उगीच रडलो का म्हणून! त्याचं तरी काय चुकलं?

ती लिहिणं सोडेल की काय, अशी मला धास्ती होती. सोडलं नाही तिनं. फोनवरही लिहिते, नाही असं नाही. पण आधी वहीत एक पत्र लिहिते, कुणा एकाला. मागच्या आठवड्यातलं नाशिकच्या आत्याला होतं. आजी दुपारी झोपल्यावर घरातले आवाज कसे बारीक होतात, त्यावर. आत्यानं तिला उलट चांगलं दोन पानी पत्र पाठवलंय, टपालानं! तुम्हीसुद्धा असं करून बघा ना एकदा. माणूस आधी ठरवा, मग लिहा. आणि ते त्यालाच द्या, मला पाठवू नका. या वेळी मी पत्रं मोजणार नाही म्हणतेय. जमतंय का बघते.

पाऊस सुरू व्हायच्या आत आजींनी लोणचं घातलंच. नातीच्या मदतीनं. काल एक छोटी बरणी आमच्याकडे आली. तिच्यावरची चिठ्ठी या वर्षी नातीच्या अक्षरात आहे:

‘कैऱ्या पंचवीस, बाजारातल्या. फोडल्या बाबांनी, बोटं शाबूत. मीठ माझ्या हातून जास्त पडलं. आजी ठणठणीत.’